मुष्टियोद्धा, वस्ताद आणि पंच

(नभोवाणीवरील भाषण)

मुष्टियुद्ध हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित कुटुंबांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलानें क्रिकेट खेळावें, टेनिस खेळावें, फार तर तालमींत जाऊन चार जोर-बैठका काढाव्या; परंतु दुसऱ्याच्या नाकावर ठोसा मारणें आणि आपल्या नाकावर तो घेणें यांत खेळ तो कोणता, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या खेळांत प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकावर आघात करणें हेंच गुण मिळविण्याचें साधन आहे, त्या खेळानें आपण मारामारीहून वेगळे कसे, हें सिद्ध करून दाखविलेंच पाहिजे. आजच्या भाषणांत या सवालाचें उत्तर मी एका माणसाच्या कारकीर्दीच्या आधारें शोधणार आहें.

ते गृहस्थ म्हणजे ओमप्रकाश भारद्वाज. ते मूळचे सैन्यांतले. पुण्याच्या लष्करी शारीरिक शिक्षण केंद्रांत ते मुख्य निदेशक होते आणि सेनादलाच्या सामन्यांत पंच म्हणून त्यांनीं नांव मिळविलें होतें. १९६८ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें, ते भारतीय मुष्टियुद्ध संघाचे शिक्षक होते. राष्ट्रीय संघाच्या निवड समितीवरही त्यांनीं काम केलें. १९८५ सालीं क्रीडाशिक्षकांसाठीं द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हां पहिल्याच वर्षीं ज्या तिघांना तो मिळाला त्यांत भारद्वाज होते. दुसरे दोघे म्हणजे मैदानी खेळांचे ओ. एम्. नंबियार आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. २१ मे २०२१ रोजीं, वयाच्या ब्याऐंशींव्या वर्षीं, भारद्वाज निवर्तले. रिंगणांतला खेळाडू, खेळाडूचा वस्ताद आणि खेळाचा अधिकारी अशा तिन्ही नात्यांनीं हा खेळ ज्यांनीं जवळून पाहिला, अशीं माणसें थोडीं. या तीन नात्यांचा अर्थ उलगडला, कीं वडीलधाऱ्यांच्या सवालाचें उत्तर आपोआप मिळेल, असें मला वाटतें.

तत्पूर्वीं थोडें मागें वळून पाहूं. आपल्याकडे मुष्टियुद्ध नवें नाहीं. वाली आणि सुग्रीव यांचें द्वंद्व आठवून पाहा. ते दोघे भाऊ एकमेकांसारखे इतके दिसत, कीं दूर उभ्या असलेल्या रामचंद्रांना आपला कोण आणि परका कोण हें ओळखतां येईना, आणि बिचारा सुग्रीव मार खाऊन परत आला. दुसऱ्या खेपेस त्याच्या गळ्यांत गजपुष्पीची माळ घालण्यांत आली, तेव्हां कोठें ओळख पटली. त्या माळेचें काम आज रिंगणांत तांबडा आणि निळा हे दोन रंग करतात. परंतु त्या द्वंद्वांत दोन गोष्टी नव्हत्या. एक, वेळेची मर्यादा. आणि दुसरी, दोघांच्या मध्यें उभा राहणारा तिऱ्हाईत. त्यामुळें त्याचा शेवट एकाच्या मरणानेंच व्हावयाचा होता.

आधुनिक मुष्टियुद्धाचा इतिहास म्हणजे या दोन गोष्टी मिळविण्याचा इतिहास आहे. इंग्लंडांत पूर्वीं उघड्या मुठींनीं लढत; एकजण खालीं पडला म्हणजे फेरी संपे, आणि अशा फेऱ्या दोघांपैकीं एकाचें त्राण संपेपर्यंत चालत. १८६७ सालीं क्वीन्सबेरीचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनीं हातांत मोजे घातले, फेरी तीन मिनिटांची ठरविली, मध्यें एक मिनिट विसावा दिला आणि पडलेल्या माणसाला उठण्यासाठीं दहा सेकंद दिले. तेथून पुढें हा खेळ साहेबाच्या पलटणींबरोबर आणि बंदरांतील गोद्यांबरोबर जगभर पसरला. आपल्या मुंबई इलाख्यांत हौशी मुष्टियुद्धाची संस्था १९२५ सालीं निघाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचे मुष्टियोद्धे उतरले, १९४९ सालीं अखिल भारतीय संघटना झाली, आणि १९५० सालीं पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईंतच भरली. तेव्हां हा खेळ आपल्या अंगणांत नवखा पाहुणा आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां पहिलें नातें, मुष्टियोद्ध्याचें. हौशी मुष्टियुद्धाचा सामना तीन फेऱ्यांचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष लढत नऊ मिनिटांची. दोरांच्या आंत सहा मीटरांहून किंचित् अधिक लांबीरुंदीची चौरस जागा. तींतून पळून जावयास वाट नाहीं आणि मदतीला कोणी साथीदार नाहीं. क्रिकेटमध्यें एक चूक झाली तर फलंदाज तंबूंत परततो. येथें एक चूक झाली तर ती त्याच क्षणीं हनुवटीवर येऊन आदळते. या नऊ मिनिटांसाठीं खेळाडू वर्षानुवर्षें पहांटे धांवतो, वजनाच्या कांट्याला भिऊन अर्धपोटीं राहतो आणि पोत्यावर हजारों ठोसे मारतो. आणि ही कारकीर्द किती वर्षांची? नियमच चाळिशीपलीकडे कोणाला आंतरराष्ट्रीय हौशी सामन्यांत उतरूं देत नाहींत. बहुतेकांचे पाय त्यापूर्वींच जड होतात.

भारद्वाजांच्या कारकीर्दींतील दोन नामांकित मुष्टियोद्धे घ्या. हवासिंग हे सैन्यांतले. सर्वांत भारी वजनगटाचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनीं सलग अकरा वेळां मिळविलें, आणि १९६६ व १९७० या दोन्ही वर्षीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक पटकावलें. दुसरे कौरसिंग, तेही सैन्यांतलेच. १९८० च्या जानेवारींत दिल्लीस खुद्द महंमद अलीशीं ते चार फेऱ्या प्रदर्शनीय सामना लढले, आणि १९८२ सालीं दिल्लीच्याच आशियाई स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक जिंकलें. यश दोघांचेंही डोळे दिपविणारें होतें. मात्र पुढील आयुष्याच्या वाटा निराळ्या झाल्या. हवासिंगांनीं निवृत्तीनंतर हरियाणांतील भिवानी येथें मुलांना शिकविण्यास सुरुवात केली आणि त्या गांवाला मुष्टियोद्ध्यांचें गांव करून सोडलें. कौरसिंग आपल्या पंजाबांतील गांवीं शेतीवर परतले. उतारवयांत औषधोपचारासाठीं त्यांना कर्ज काढावें लागलें, तेव्हां कोठें देशाला त्यांची आठवण झाली. २०२३ सालीं ते वारले. ज्या खेळाची विद्या मिळवण्यांत तारुण्य खर्ची पडतें, ती विद्या तारुण्याबरोबरच वाया जावी, यासारखी उधळपट्टी दुसरी नाहीं. म्हणून मुष्टियोद्ध्याचें दुसरें आयुष्य हा केवळ दयेचा विषय नव्हे. तो खेळाच्या हिताचाही विषय आहे.

तें दुसरें आयुष्य म्हणजे वस्तादाचें. वस्तादाचें काम ठोसा मारावयास शिकविणें एवढेंच असतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो उलटा आहे. ठोसा मारणें चार दिवसांत येतें; ठोसा चुकविणें चार वर्षांतही पुरतें येत नाहीं. म्हणून जाणता शिक्षक नवशिक्या मुलाला प्रथम उभें राहावयास शिकवितो. डावा पाय पुढें, टांच किंचित् उचललेली, हनुवटी छातीकडे, उजवी मूठ गालाशीं आणि कोपर बरगड्यांवर. मग पुढें सरणें, मागें हटणें, बाजूला वळणें. आणि हें सारें पायांत भिनल्यावर मग डाव्या हाताचा सरळ ठोसा. पहिले कांहीं महिने मुलाला समोर प्रतिस्पर्धी मिळत नाहीं. मिळतो तो आरसा, पोतें आणि दोरीवरच्या उड्या. ज्या शाळेंत पहिल्याच आठवड्यांत मुलांना एकमेकांवर सोडतात, तेथें शिक्षक नाहीं, तमासगीर आहे असें खुशाल समजावें.

वस्तादाची खरी कसोटी मात्र सामन्याच्या वेळीं लागते. दोन फेऱ्यांच्या मध्यें जें एक मिनिट मिळतें, त्यांत तो काय करतो हें पाहण्याजोगें असतें. खेळाडू कोपऱ्यांत येऊन बसतो. त्याच्या तोंडांतील दातांची पट्टी काढून धुवावयाची, चूळ भरवावयाची, श्वास स्थिर करावयाचा, आणि त्या एका मिनिटांत त्याला एकच, फार तर दोन गोष्टी सांगावयाच्या. कारण दमलेल्या माणसाच्या डोक्यांत तिसरी गोष्ट शिरत नाहीं. आणि हें चालू असतांना वस्ताद त्याचे डोळे न्याहाळीत असतो. नजर स्थिर आहे कीं भिरभिरते? उत्तर नेमकें देतो कीं अडखळतो? तें पाहून कधीं कधीं त्याला आपल्याच शिष्याची लढत थांबवावी लागते. खेळाडू म्हणतो, "मला लढूं द्या", प्रेक्षक ओरडतात, पदक हातभर अंतरावर असतें. अशा क्षणीं हार पत्करण्याचें धैर्य लागतें तें शिष्याला नव्हे, गुरूला.

हें शहाणपण एकट्या माणसापाशीं असून भागत नाहीं; तें पसरावें लागतें. भारद्वाजांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग मला येथेंच दिसतो. पतियाळा येथें १९६१ सालीं राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. तेथें मुष्टियुद्धाच्या शिक्षकांसाठीं पदविकेचा अभ्यासक्रम १९७५ सालीं सुरू झाला, आणि त्याचे पहिले मुख्य निदेशक भारद्वाज होते. जी विद्या आजवर पलटणींत नि क्लबांत तोंडीं चालत आली होती, ती आतां वर्गांत शिकवली जाऊं लागली. त्या पहिल्या तुकडींत गुरुबक्षसिंग संधू नांवाचे एक विद्यार्थी होते. पुढें तेच राष्ट्रीय संघाचे मुख्य शिक्षक झाले. आणि त्यांच्या कारकीर्दींत, २००८ सालीं, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें विजेंदरसिंगनें कांस्यपदक जिंकलें. मुष्टियुद्धांतलें भारताचें तें पहिलें ऑलिंपिक पदक. हा विजेंदर कोठला? हवासिंगांनीं जेथें तालीम उभी केली त्या भिवानीचा. म्हणजे दोन निवृत्त माणसांनीं दोन ठिकाणीं पेरलेलें बीं अखेर एका रोपाला येऊन मिळालें. २०१२ सालीं लंडनला मेरी कोम आणि २०२१ सालीं टोकियोला लवलीना बोरगोहाईं यांनीं तशींच पदकें आणलीं. खेळाडूचें पदक एका संध्याकाळीं दिसतें. गुरूचें पदक दिसावयास एक पिढी जावी लागते.

आतां तिसरें नातें, पंचाचें. रिंगणांत दोघे लढत असतात असें आपण म्हणतों. वस्तुत: तेथें तिघे असतात. तिसरा माणूस कोणालाही मारीत नाहीं, आणि त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं कोणाच्या लक्षांत राहात नाहीं. किंबहुना, तें लक्षांत राहिलें नाहीं तरच त्याचें काम चोख झालें असें समजावें. त्याच्या तोंडीं आज्ञा मोजक्या : थांबा, सोडा, लढा. कमरेखालीं ठोसा गेला, मानेमागें मारला, मिठी मारून धरून ठेवलें, कीं त्यानें मध्यें पडावयाचें. एखादा खेळाडू ठोशानें डळमळला, तर तो पडला नसला तरी त्यानें अंक मोजावयाचे, आणि खेळाडू ताबडतोब सांवरला तरी आठ होईपर्यंत लढत पुन्हा सुरू करावयाची नाहीं. त्या आठ सेकंदांत त्यानें खेळाडूच्या डोळ्यांत पाहून एक निर्णय घ्यावयाचा असतो : हा पुढें लढण्याजोगा आहे कीं नाहीं. डोक्यावरील आघातानें सामना संपला, तर त्या खेळाडूला किमान तीस दिवस पुन्हा रिंगणांत उतरूं देत नाहींत.

या सावधगिरीचें कारण वैद्यकशास्त्रानें फार पूर्वीं सांगून ठेवलें आहे. १९२८ सालीं हॅरिसन मार्टलंड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरांनीं वर्षानुवर्षें ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांचें वर्णन प्रसिद्ध केलें. चाल अडखळणें, वाणी जड होणें, बुद्धि मंद होणें, हीं तीं लक्षणें. पुढें १९८४ च्या ऑलिंपिकपासून डोक्याला गादीचें संरक्षक कवच आलें. परंतु तें जखमा टाळतें, मेंदूला बसणारा हिसका टाळतें असें दिसून येईना, म्हणून २०१३ सालीं प्रौढ पुरुषांच्या सामन्यांतून तें काढून टाकण्यांत आलें. स्त्रियांच्या आणि मुलांच्या सामन्यांत तें ठेवलें. तात्पर्य, मेंदूचें खरें संरक्षण कवचांत नाहीं. तें वेळींच "थांबा" म्हणणाऱ्या माणसांत आहे.

पंचाच्या कामाची दुसरी बाजू न्यायाची. रिंगणाबाहेर पांच पंच बसून गुण देतात. येथें या खेळाची अब्रू वारंवार गेली आहे, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १९८८ सालीं सेऊलच्या ऑलिंपिकमध्यें रॉय जोन्स या अमेरिकन तरुणानें अंतिम सामन्यांत यजमान देशाच्या पार्क सी-हुन याला तिन्ही फेऱ्यांत निर्विवाद मागें टाकलें. मोजणाऱ्यांनीं जोन्सचे शहाऐंशीं आणि पार्कचे बत्तीस ठोसे मोजले. तरीही पांचांतील तीन पंचांनीं पार्कला विजयी ठरविलें. जगभर गिल्ला झाला. त्यानंतर माणसावर विश्वास नको म्हणून यंत्र आलें. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून पंचांपुढें कळी ठेवल्या. ठोसा लागतांच पांचांपैकीं तिघांनीं एका सेकंदाच्या आंत कळ दाबली, तरच गुण मिळावयाचा. न्याय सुधारला कीं नाहीं हा वाद राहिला. खेळ मात्र कळ दाबली जाईल एवढ्याच ठोशांचा झाला. शेवटीं २०१३ सालीं यंत्र बाजूला सारून प्रत्येक फेरीला दहांपैकीं गुण देण्याची पद्धत आली. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेंत भारताच्या सरितादेवीनें उपांत्य सामन्याच्या निकालाविरुद्ध व्यासपीठावरच कांस्यपदक नाकारलें आणि त्याबद्दल एक वर्षाची बंदी भोगली. २०१६ सालीं रिओ येथें निकालांवरून पुन्हा वादळ उठलें. तेथल्या छत्तीसही पंचांना पुढील ऑलिंपिकपासून दूर ठेवण्यांत आलें. २०२३ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें मुष्टियुद्धाच्या जुन्या जागतिक संघटनेची मान्यताच काढून घेतली. ऑलिंपिकमधून हा खेळ जातो कीं राहतो असा प्रसंग आला होता. २०२५ सालीं नव्या संघटनेला मान्यता मिळाली आणि २०२८ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्यें खेळाचें स्थान निश्चित झालें.

एका खेळाचें अस्तित्व कोणामुळें धोक्यांत आलें, हें लक्षांत घ्या. खेळाडू दुबळे झाले म्हणून नव्हे, प्रेक्षक कंटाळले म्हणूनही नव्हे. पंचांवरचा विश्वास उडाला म्हणून. आणि तो अन्याय कोणाला डांचला? जोन्सला डांचला तसाच पार्कलाही. २०२३ सालीं पार्क स्वत: अमेरिकेंत जोन्सच्या घरीं गेले आणि पस्तीस वर्षें जवळ बाळगलेलें सुवर्णपदक त्यांनीं जोन्सच्या हातीं ठेवलें. चुकीचा निकाल हरलेल्याचें पदक नेतो. जिंकलेल्याची झोंप नेतो.

यावरून तिन्ही नात्यांना जोडणारा धागा कोणता, हें सहज दिसेल. तो धागा म्हणजे संयम. मुष्टियोद्ध्याला राग आंवरावा लागतो, वस्तादाला शिष्याच्या यशाची हांव आंवरावी लागते, आणि पंचाला आपली आवडनिवड आंवरावी लागते. यांपैकीं पहिल्याचा संयम सुटला तर तोच हरतो. दुसऱ्याचा सुटला तर शिष्याचा देह धोक्यांत येतो. तिसऱ्याचा सुटला तर सारा खेळ बुडतो. सेनादलाच्या सामन्यांत पंचाचें काम केलेल्या भारद्वाजांसारख्या माणसानें शिष्याच्या कोपऱ्यांत उभें राहावें, यांत मोठें औचित्य आहे. ज्यानें दोघांच्या मध्यें उभें राहून दोघांनाही सारखेंच जपलें, त्याला आपल्या शिष्यासमोरचा मुलगाही कोणाचा तरी शिष्य आहे, याचा विसर पडत नाहीं.

हा खेळ दूरवर नेऊन पोंचवावयाचा असेल, तर याच माणसांची गरज अधिक. महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या टोंकाला, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, कचारगड आहे. गोंड समाजाचें तें श्रद्धास्थान. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथील डोंगरांतल्या गुहेच्या दर्शनाला अनेक प्रांतांतून लोक येतात. अशा मुलखांतल्या मुलाला मुष्टियोद्धा व्हावयाचें असेल, तर त्याला काय हवें? हातमोजे आणि पोतें टपालानेंही पाठवितां येतात. टपालानें पाठवितां येत नाहीं तो शिकलेला वस्ताद आणि नि:पक्षपाती पंच. रिंगण बांधावयास कांहीं दिवस पुरतात. हीं दोन माणसें घडवावयास वर्षें लागतात. म्हणून निवृत्त मुष्टियोद्ध्यांना पदविका देऊन, पंचाचें शिक्षण देऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविणें, हें पदकांची मोजदाद करण्याहून अधिक निकडीचें काम आहे.

शेवटीं, ज्यांच्या कपाळावरील आठीपासून मी सुरुवात केली, त्या वडीलधाऱ्यांना एवढेंच सांगावयाचें आहे. आपला मुलगा अथवा मुलगी मुष्टियुद्ध शिकूं म्हणाली, तर एकदम नकार देऊं नका आणि एकदम होकारही देऊं नका. तालमींत जा आणि तीन गोष्टी विचारा. येथें शिकविणारा कोण, आणि तो स्वत: कोठें शिकला? पहिला सामना किती महिन्यांनीं, आणि त्या वेळीं डॉक्टर हजर असतो काय? आणि लढत थांबविण्याचा अधिकार कोणाला, व तो अधिकार त्यानें अलीकडे केव्हां वापरला? या तिसऱ्या प्रश्नाला जेथें अभिमानानें उत्तर मिळेल, तेथें आपलें मूल नि:शंकपणें सोपवा. लढतीला सुरुवात करावयास कोणीही पुढें येतो; ती वेळीं थांबविणारा माणूस जेथें आहे, तेथेंच मारामारीचा खेळ होतो.